मिठाचं रान

हॅलो? … कोण, बबिता? … हो, याडीच, तुही मायच बोलून राह्यली. … आवाज बारीक येते? अवं, ताकदच नाही अंगात. चार दिवसांपासून बाजेवर पडून आहो.

हो, हो… धरमसिंग काकानं सांगितलं ते खरंच आहे. … पुसदले नेलतं ना तुह्या बापूनं. डॉक्टर म्हणे, आराम करा. … गोळ्या? देल्ल्या ना… पांढऱ्या.

थांब वं एक मिनिट… ए! निंग! निंग तिकडं! तूर वाळू घातली तं तिच्यातच तोंड! थांब, येतोच मी काडी घेऊन!

… हॅलो, बोल. … मी कुठं? शेजारची रामीबाई धावली बकरीमागं. … माहाच आवाज होता?

बरं, तू कुठं आहे ते सांग. … विमानतळावर? लाइनीत? … आजच निघाली? अन् ते मिठाचं मैदान? … उद्या जाणार होती? … माह्यासाठी सोडलं?

बबे… रडून राह्यली का तू? … अगं ऐक ना. परक्या लोकांत एकटी उभी राहून रडू नको, माय. … ऐक. मले काही झालं नाही. … हो. खोटं. … काकाले बोलू नको, मीच लावलं त्याले सांगायले. … नाही, रविवारी नेरचे पाहुणे तुले पाहाले येऊन राह्यले म्हणून नाही. ते तं निमित्त.

काहून म्हणजे? … तो नकाशा नाही का भिंतीवरचा, तुह्या शाळेचा? त्याच्यावर टिकल्या लावतो मी. तू जिथं गेली तिथं एक. व्हिएतनामले होती तं आपल्यापासून तीन बोटं. तुर्कीले चार. आता त्या बोलिवि… हो, तेच. वीत टाकली बाई, पुरलीच नाही. जीव घाबरला माहा. सैपाक तसाच ठेवला अन् धरमसिंगले म्हटलं, लाव फोन.

… बोल, बोल. जे बोलायचं ते बोल. चुकलं माहं.

… झालं बोलून? आता मी सांगतो ते ऐक. पासपोर्ट त्या बाईच्या हाती देऊ नको अजून. … किती जण आहे समोर? … दोनच?

अवं, आपले तांड्यातले लोक पिढ्यान् पिढ्या बैलावर मीठ लादून फिरले. तुह्या आज्याचा आजा त्या वाटेवरच गेला. इतकं मीठ वाह्यलं, पण मिठाचं रान आपल्यापैकी कोणी पाह्यलं नाही. तू तिथवर गेली अन् माह्या खोट्यापायी वापस येतं? मले घास गोड लागन का?

… पाहुण्यांले? चहा पाजतो अन् सांगतो, पोरगी मीठ आणाले गेली. थांबायचं तं थांबा. … हास, हास.

… भीती वाटते ना, काहून नाही वाटणार. पण ते माहं मी पाहून घेईन. तू रोज एक फोन करजो, बस.

अन् चाखून पाह्यजो खरंच खारट आहे का. … आणजो ना, चिमूटभर. पदरात… तुले कुठला पदर, रुमालात बांध.

निघाली का लाइनीतून? … उभीच अजून? … निंग ना मंग, मागच्यायले जाऊ दे. मी धरून आहो फोन.

… निघाली? … बाहेर आली?

बरं. ठेवतो.