बाईंच्या मागे खाडीचा वर्ग

जमलेल्या पालकांनो, आजी-आजोबांनो आणि नाना,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण हातातला कागद कोराच आहे. वर्गात मी बडबड्या. बाई म्हणायच्या, "गुरुजी, जरा थांबा, पोरांनाही बोलू द्या." आज मला थांबवणारं कुणी नाही आणि शब्दच सुचत नाहीत.

आपल्या सुलभाबाई गेल्या. घरी, सकाळचा चहा घेता घेता गेल्या. त्यांचे यजमान, आपले नाना, समोरच बसले होते. दुखणं अंगावर काढायची बाईंना सवयच होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण आत येताना मी कुजबुज ऐकली, "खाडीनंच नेली बाईला." नाही हो. खाडीने बाईंना काही केलेलं नाही.

आपली शाळा दोन शिक्षकांची. बाई आणि मी. पण बाईंचा खरा वर्ग भरायचा खाडीवर. तिवरांची मुळं चिखलातून वर का येतात, निवटी ही चिखलातली मासळी उड्या कशी मारते, खेकड्यातला नर कुठला आणि मादी कुठली, हे पोरं घोटाभर चिखलात उभी राहून शिकली. पाऊणकीचा पाढासुद्धा तिथेच शिकली. आजकाल कुठल्या शाळेत पाऊणकी पाठ करतात? बाईंनी करून घेतली, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती. सहा तास मागे गेलं की ओहोटी. हा तुमच्याच घरातल्या म्हाताऱ्यांचा हिशोब. बाईंनी तो पोरांच्या तोंडी बसवला.

आणि बाईंची ती काठी. खाली उतरलं की पाण्याच्या कडेला काठी रोवायची. पाणी फिरून काठीला लागलं की सगळ्यांनी बांधावर. मग हातात कितीही सुंदर शिंपला असू दे. आणि काठी मोठ्या माणसानेच रोवायची. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

मी डोंगरातल्या तळा गावचा. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि तिथेच राहतं. इथे ते येतं, जातं, परत येतं. मी आपला बांधावर बसून पोरांच्या चपला राखायचो. बाई खालून ओरडायच्या, "गुरुजी, चपला कुठं पळून जात नाहीत, या खाली." मी हसायचो आणि बसून राहायचो.

आता परवाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

परवा मी सगळ्यांना वर्गातच बसवलं. फळ्यावर खेकडा काढला. कसा काढला ते विचारू नका, तिसरीतला एक जण म्हणाला, "गुरुजी, कोळी छान हाय." मग मधली सुट्टी झाली. घंटा दिली, तर एकही पोर परत येईना. मैदान रिकामं. नळावर कुणी नाही. मी धावलो. खाडीपर्यंत कसा पोहोचलो, मला माहीत नाही.

सगळी बांधावर होती. ओळीने बसलेली. एकाचाही पाय चिखलात नव्हता. चौथीतली अनुष्का उठली, काठी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "गुरुजी, बाई न्हाईत. आता तुमीच रोवायची."

मंडळी, मला ती काठी हातात घेता आली नाही. मी म्हटलं, "चला, शाळेत चला." पोरं उठली. एकानेही हट्ट केला नाही, कुणी रडलं नाही. मुकाट्याने माझ्यामागे आली. दोन रात्री मला झोप नाही.

काल एक आजी शाळेत आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बाई व्हती तवर ठीक व्हतं. आता पोरं शालंतच ऱ्हाऊ द्या." त्यांची काळजी खोटी आहे का? मुळीच नाही. मलाही तेच वाटतं. दाराला कडी घालावी आणि शांत बसावं.

पण मग मनात येतं, ही पोरं राहतात कुठे? खाडीला लागूनच ना? शाळा सुटल्यावर कडी कोण घालणार? परवा ती थांबली, कारण कुणीतरी मोठं माणूस येईल असं त्यांना वाटलं. आम्ही आलोच नाही, तर पुढच्या वेळी थांबतील? त्याच्या पुढच्या वेळी? मला भीती वाटते. खाडीवर नेण्याची वाटते, आणि न नेण्याची त्याहून जास्त वाटते.

उद्या षष्ठी. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला ओहोटी. मी पोरांना घेऊन खाली उतरणार आहे.

नाना, तुम्हाला ठाऊक आहे, बाईंनाही ठाऊक होतं, आज सगळ्यांना सांगतो. मला पोहता येत नाही. इथे बसलेल्या बहुतेकांना येतं. तुमच्यातलं एक माणूस मला उद्या माझ्या शेजारी हवंय. फक्त एक.

लगेच हो म्हणू नका. आता आपण बाईंसाठी उभे राहू, दोन मिनिटं शांत. त्या शांततेत ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावं. शांतता संपली की मी दारात थांबतो. त्या एका माणसाने जाताना माझ्या हाताला हात लावावा, एवढंच.

बाई, तुम्हाला नमस्कार.

उभे राहूया.