बसा, नंबर आला की बोलावते

हॅलो?… हो, मीच… अगं मीच, ताई. हळू बोलतेय म्हणून तसा आवाज येतोय. ध्यानाला बसले होते… नाही, नाही, ठेवू नकोस. तसंही काही धड चाललं नव्हतं.

हो, उद्या सकाळीच. पण बीपी खाली आलं तर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलंय, उद्याही वाढलेलं निघालं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन परत पुढे ढकलणार… घेतेय गं गोळ्या. ते म्हणतात, गोळी तिचं काम करतेय, तुम्ही डोकं शांत ठेवा. आता डोकं काय पंखा आहे, बटण दाबलं की बंद?

म्हणून तर त्या ध्यानाच्या बाईंकडे जाते… हो, लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये. पहिल्या दिवशी म्हणाल्या, श्वासाकडे लक्ष द्या. दिलं. एक श्वास आत, लगेच, गॅस बंद केला का? एक श्वास बाहेर, शेजारणीने नेलेली शिडी अजून आली नाही. मग तिच्या नवऱ्याशी भांडण. मनातल्या मनात, पण कडाक्याचं. आणि तो बिचारा घरी पेपर वाचत असेल, त्याला पत्ताच नाही.

अगं ऐक ना… बाईंना सांगितलं मी. त्या म्हणाल्या, विचारांना हाकलू नका, आले तर येऊ द्या, तुम्ही श्वासाकडे परत या. हे मला एकदम पटलं. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून मी दुसरं काय करते? गाल धरून, कण्हत येतात माणसं. मी गोड आवाजात म्हणते, बसा, नंबर आला की बोलावते.

हो… हो, तेच केलं. गॅस आला, बसा. शिडी आली, बसा. इतकं छान जमलं म्हणून सांगू. आणि मग… आधीच हसू नकोस… मग ते तोंडातून बाहेर पडलं. मोठ्यांदा. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा हॉलमध्ये.

अगं, बाकीचे बसलेलेच होते. पण एक आजोबा उशिरा आलेले, पाय न वाजवता आत शिरत होते. ते दारातच बसले, चपलांच्या शेजारी. शेवटपर्यंत हलले नाहीत. ध्यान संपल्यावर मला विचारतात, "माझा कितवा?"

हस, हस. बाईसुद्धा हसल्या.

घरी?… घरी जमतं तसं. पण एक घोळ झालाय. दवाखान्यात मी बसवलं की आत डॉक्टर असतात. ते दात काढतात, माणूस सुटतो. इथे मी नुसती बसवतेच आहे, आत डॉक्टरच नाही. बरेचसे कंटाळून निघून जातात. गॅस गेला, शिडी गेली. एक मात्र जात नाही. कोपऱ्यात बसून राहिलंय…

कोण म्हणजे? सोड, काही नाही. तुझं सांग… अगं नाही, खरंच काही नाही… बरं. सांगते.

नंतर दिसलंच नाही तर?

माहितीये गं, छोटंसं ऑपरेशन असतं. घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटेल, हे मीच रोज लोकांना सांगते. स्वतःला सांगितलं तर मन म्हणतं, तू काउंटरवाली, तुझं काय ऐकायचं?

हो… भीती वाटतेय. खूप वाटतेय. कुणाला बोलले नाही. तुझे भाऊजी सारखे विचारतात, बरी आहेस ना. मी म्हणते, मस्त.

तुला येऊ नकोस म्हणाले ते उगाच गं. तुझ्या शाळेत परीक्षा चालू, रजा कोण देणार तुला… काय? टाकलीस? कधी?… मी नको म्हणाले त्याच दिवशी?… आणि मला सांगितलं नाहीस.

नाही, रडत नाहीये. ते थेंब घातलेत ना डोळ्यांत, उद्यासाठी… बरं बाई, थेंब अजून घालायचेत.

ये… संध्याकाळी नको. आत्ताच ये… काही आणू नकोस, तू ये फक्त… हो, दार उघडंच ठेवते. ठेव आता. तू बोलत बसलीस तर निघणार कधी?… मग मीच ठेवते.