जिवाळीचा दोरा

सज्जनहो, कीर्तनाच्या आरंभी आम्ही आपल्याकडे एकच दान मागतो: अवधान. हार नको, नारळ नको, घटकाभर अवधान द्या. शब्द संस्कृत आहे. 'अव' म्हणजे खाली, 'धान' म्हणजे ठेवणे. इकडेतिकडे उडणारे चित्त अलगद उचलून एका जागी खाली ठेवायचे, याला अवधान म्हणतात. आपल्याला वाटते, त्यात काय अवघड? ठेवले की ठेवले.

आज मला या वाटण्याविषयीच बोलायचे आहे. समजा, एखाद्याला चित्त ठेवायचे आहे, मनापासून ठेवायचे आहे. पण ठेवायला गेला की जागाच सरकते. त्याला दोषी म्हणायचे का? आणि तो दोषी नसेल, तर त्याच्या बाबतीत आपले कर्तव्य काय? मंडळी, प्रश्न मनात असू द्या. उत्तर मी देणार नाही. मिरजेचा एक कारागीर देईल.

मिरज हे मोठे विलक्षण गाव. एका गल्लीत तंबोरे घडतात आणि दुसऱ्या गल्लीत दवाखाने उभे आहेत. त्या तंबोऱ्यांच्या गल्लीत दस्तगीरभाई नावाचे कारागीर राहतात. वय एक्केचाळीस. घराण्यातली ही तिसरी पिढी. वडील लवकर गेले, म्हणून चुलत्यांनी, बाबालालचाचांनी, त्यांना हाताखाली घेतले आणि विद्या दिली.

आणि दस्तगीरभाईंना काय दैवी कान लाभला होता! तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाकडी तबली असते, तबलीवर घोडी असते आणि घोडीवरून तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की तारेला नुसता स्पर्श व्हावा, अडथळा होऊ नये. याला जवारी काढणे म्हणतात. दस्तगीरभाई जवारी काढायला बसले की सहा-सहा तास पाणीसुद्धा मागत नसत. जेवायला हाक मारली तर ती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे.

आता इथेच गोम आहे. लोक म्हणत, "बघा, आवडीचं असलं की लागतं की लक्ष! म्हणजे नाटकं आहेत." कारण याच माणसाचे अकरा तंबोरे अर्धवट पडलेले होते. कुणाला खुंट्या नाहीत, कुणाची तबली चिकटायची राहिली, एकाचा दांडा कोरता कोरता दुसऱ्यावरची नक्षी सुचली आणि पहिला तसाच राहिला. कानस कानावर ठेवून कानस शोधत. गिऱ्हाईकाने विचारले, कधी मिळेल, की म्हणत, बुधवारी. कोणत्या बुधवारी ते मात्र ईश्वरालाच ठाऊक. गल्लीत म्हणायची पद्धत पडली. नळाला पाणी कधी येणार? दस्तगीरच्या बुधवारी. मुलीचे लग्न कधी? दस्तगीरच्या बुधवारी. हसता ना? तेही हसत. पण मंडळी, आपल्या नावाच्या विनोदावर पंधरा वर्षे हसत राहणे, हे काम तंबोरा घडवण्याहून जड आहे.

आपल्या या मंदिराने त्यांच्याकडे तंबोरा सांगितला होता. काम देवाचे, म्हणून बाबालालचाचांनी माळ्यावरून एक भोपळा काढला. भीमाकाठचा, चाळीस वर्षे वाळलेला. चाचांच्या वडिलांनी त्याच्यावर पेन्सिलीने साल लिहून ठेवले होते. असा भोपळा पाण्यात भिजवतात, नरम झाला की कापतात आणि आतून काड्यांचा ताण देऊन त्याला आकार आणतात. दोन दिवसांचे भिजवणे. चाचांनी तो दस्तगीरभाईंच्या हाती दिला आणि सांगितले, हा तूच कर.

त्यांनी भोपळा टाकीत ठेवला. तेवढ्यात कुणी सतारवाला जवारी काढून घ्यायला आला. हे बसले. त्यानंतर दुसरे काम, तिसरे काम. सहाव्या दिवशी कारखान्यात वास सुटला, तेव्हा टाकी आठवली. चाळीस वर्षे ज्याने वाट पाहिली, तो भोपळा बोट लावताच खचला.

चाचा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी दस्तगीरभाईंच्या कमरेचा कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला आणि म्हणाले, "तू वाईट नाहीस. पण तुझ्या हातात काही टिकत नाही. उरुसापर्यंत देवळाचा तंबोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा कर. नाही झाला, तर ही बैठक सोड आणि दुसरं काही बघ."

उरुसाला चार महिने होते. आणि या माणसाला दुसरे काही येत नव्हते, यावे असे वाटतही नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी पत्नीला, जैनबबींना, एकच विचारले. "मी आळशी आहे का?"

जैनबबी एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर काम करीत. दिवसभर माणसे पाहणारी बाई. त्या म्हणाल्या, "आळशी माणूस निवांत असतो. तुम्ही तर रोज दमून येता, काही पुरं न करता."

सज्जनहो, मी काव्यशास्त्र शिकलो, न्याय शिकलो. पण निदानाची इतकी नेमकी भाषा मला कुठे भेटली नाही. आळशी माणूस निवांत असतो. या एका वाक्यात चाळीस वर्षांचा आरोप गळून पडला.

मग उपाय सुरू झाले. आपल्याकडे उपाय सांगणाऱ्यांची वाण नाही. आत्याने ताईत बांधला. कुणी बुद्धिवर्धक चूर्ण दिले. ते सकाळ-संध्याकाळ घ्यायचे होते आणि घ्यायचे तेच लक्षात राहत नव्हते. एका डॉक्टरांनी मान वर न करता झोपेच्या गोळ्या लिहिल्या. शेवटी जैनबबींनी इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर सुरेखा मगदूम, यांची वेळ घेतली. दस्तगीरभाई ती विसरले. दुसरी घेतली. तीही विसरले. डॉक्टरांच्या दारात वेळा लिहून घेणारी मुलगी म्हणाली, ज्याला गरज नाही त्याच्यासाठी कशाला जीव टाकता? आत डॉक्टरांनी ते ऐकले आणि निरोप पाठवला, "विसरले, म्हणूनच त्यांनी यायला हवं. तिसऱ्यांदा तुम्ही सोबत घेऊन या."

डॉक्टरांनी घाई केली नाही. दोन भेटी नुसत्या विचारण्यात गेल्या. लहानपणी कसे होतात? पाटी किती वेळा हरवली? दस्तगीरभाईंच्या आईंना बोलावून त्यांनाही विचारले. झोप पाहिली, रक्त तपासले, दुसरे काही कारण नाही याची खात्री केली. मग सांगितले, याला एडीएचडी म्हणतात. ही मेंदूची जन्मापासूनची ठेवण आहे. मोठ्या माणसांतही ती असते, पण पुष्कळांना कुणी सांगतच नाही. लक्ष नाही असे नव्हे. ते हवे तिथे ठेवता येत नाही आणि लागले तर हवे तेव्हा उचलता येत नाही.

दस्तगीरभाईंनी ती अक्षरे दोनदा पुटपुटून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे ह्याला नाव आहे."

अहो, आपण नामाचा महिमा गातो. नामाने काय होते, हे मला त्या वाक्यात दिसले. पंधरा वर्षे ज्या गोष्टीला लोक त्यांचे स्वतःचे नाव देत होते, तिला त्या दिवशी तिचे नाव मिळाले आणि त्यांचे नाव त्यांना परत मिळाले.

त्यांनी विचारले, हे जाते का? डॉक्टर म्हणाल्या, जात नाही. पण याच्यासह उत्तम जगता येते, आधार मात्र नेमका हवा. आणि त्यांनी सहज विचारले, तंबोऱ्याचा आवाज तुम्ही खुलवता कसा?

दस्तगीरभाई सांगू लागले. घोडी घासून झाली, तरी तार बोलत नाही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. त्याला म्हणतात जिवाळी. धागा केसभर पुढे गेला तर तार मुकी होते, केसभर मागे राहिला तर चरचरते. नेमक्या जागी आला की एकाच तारेतून सगळे स्वर झरू लागतात. चार तारांच्या चार जागा, एकीची दुसरीला चालत नाही.

बोलता बोलता ते थांबले. स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. डॉक्टर हळूच म्हणाल्या, "आपल्याला तेवढंच शोधायचं आहे."

मंडळी, तार बदलली नाही. तार सैल केली नाही, तोडून फेकली नाही. धाग्याची जागा शोधायला घेतली.

औषध सुरू झाले. पहिल्या मात्रेने भूक गेली, छाती धडधडू लागली. त्यांनी मनाने बंद केले नाही, जाऊन सांगितले. मात्रा कमी झाली, मग बसली. तरी औषधाने तंबोरा घडत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. एका वेळी एकच वाद्य समोर ठेवायचे, बाकी सगळी चादरीखाली. ठरलेले भिंतीवर लिहायचे, डोक्यात ठेवायचे नाही. जैनबबींनी पहारेकरी व्हायचे नाही. आणि शक्य असेल तर कुणी तरी जवळ बसून आपले काम करीत राहावे, नुसते बसावे. अशा माणसाला त्या सोबतीचा आधार होतो.

कोण बसणार? बाबालालचाचांचे म्हणणे, "आमच्या वेळी कान धरला की लक्ष यायचं." जैनबबींनी उलट उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दस्तगीरभाईंच्या बैठकीसमोर चाचांची घोंगडी नेऊन अंथरली. चाचा म्हणाले, बसतो. पण बोलणार नाही. सूनबाई म्हणाल्या, तेच हवंय चाचा.

पुन्हा एक भोपळा भिजवायचा दिवस आला. हा साधाच, बाजारातला. दस्तगीरभाईंनी काय केले? जिवाळीच्या सुताचे रीळ घेतले, एक टोक टाकीच्या कडीला बांधले आणि दुसरे आपल्या पायाच्या अंगठ्याला. चाचा पाहत होते. म्हणाले, बैलाला दावं बांधतात तसं? दस्तगीरभाई म्हणाले, "हो चाचा. बैल माझा आहे, मलाच बांधू दे."

आणि योग पाहा. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच सतारवाला दारात. सतारीच्या जवारीने हाक मारली आणि हे उठले. चार पावले गेले, अंगठ्याला ओढ बसली. मंडळी, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. तिकडे लाडकी सतार, इकडे पाण्यातला मुका भोपळा आणि मध्ये एक सुती धागा, जो लहान मूलही तोडील. धागा त्यांना अडवू शकत नव्हता. तो फक्त आठवण देत होता. ते थांबले. सतारवाल्याला म्हणाले, बुधवारी या. आणि भिंतीवर तारीख लिहिली.

चाचा उठले. त्यांनी अंगठ्याची गाठ पाहिली. ती काचत होती, कातडी लाल झाली होती. वाकून, चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या हातांनी, त्यांनी गाठ सोडली आणि सैलशी, नीट बांधून दिली. मग पुन्हा घोंगडीवर जाऊन बसले.

त्यानंतर तबली चढली, दांडा बसला, खुंट्या लागल्या. एखादा दिवस वाया जाई, ते चिडत, उद्या पुन्हा बसत. उरुसाच्या आधीचा शेवटचा बुधवार उजाडला आणि तारा चढल्या. घोडी घासून झाली. चाचांनी जिवाळी हातात घेतली, धागा तारेखाली घातला, मागेपुढे केला, कान जवळ नेला आणि थांबले. मग जे दोन वर्षे कुणाला सांगितले नव्हते ते बोलले. "मला ऐकू येत नाही रे. वरचे सूर सगळे गेले. ह्याची जागा तूच सांग."

दस्तगीरभाईंनी चाचांची बोटे आपल्या बोटांत घेतली आणि धागा सरकवला. केसभर. आणखी केसभर. तार बोलली. चाचांना आवाज आला नसेल, पण दांड्यावर ठेवलेल्या तळव्याला कंप आला आणि त्यांनी डोळे मिटले. किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवून म्हणाले, "दस्तगीर म्हणजे हात धरणारा. एवढं नाव ठेवलं, आणि तुझा हात धरायचं आमच्या ध्यानात आलं नाही. विसरभोळे आम्हीच."

तो तंबोरा त्याच बुधवारी इथे पोहोचला. त्याची कापडी गवसणी मात्र मिरजेला राहिली. ती आणायला पुन्हा गेले. बरे होऊन वेगळे माणूस झाले, असे मी सांगणार नाही. ते तेच आहेत. अकरांपैकी चार तंबोरे अजून चादरीखाली आहेत. गुरुवारी डॉक्टरांकडे अशाच दहा-बारा मोठ्या माणसांची बैठक असते, तिथे ते जातात, आणि नव्या माणसाला फोन करून वेळेची आठवण देण्याचे काम त्यांनी मागून घेतले आहे. त्यांची अनुमती घेऊनच ही कथा सांगितली. नाव बदलू का, विचारले. म्हणाले, महाराज, मोठ्या कष्टाने परत मिळालंय, राहू द्या.

आता माझ्यामागे पाहा. हाच तो तंबोरा. तंबोऱ्यावरच्या ताई, या मधल्या जोडाच्या तारेखालचा धागा जरा ओढून घ्या. वाजवा. ऐकलेत? तार तीच, भोपळा तोच, आणि आवाज कसा कोरडा. आता धागा जागेवर आणा. हळू. हं... आता ऐका.

जिवाळी म्हणा, जिव्हाळा म्हणा. मला या दोन शब्दांत फार अंतर दिसत नाही.

आपल्या घरात कोण आहे, ज्याला आपण धांदरट म्हणतो, वेंधळा म्हणतो, मनात आणलं तर करेल म्हणतो? कदाचित घरात दुसरे कुणी नसेल. ते आपण स्वतःच असाल आणि पन्नास वर्षे स्वतःलाच बोल लावत असाल. चूर्णाच्या पुड्या बांधू नका, कान धरू नका. जाणत्या डॉक्टरांकडे जा, एकाने ऐकले नाही तर ऐकणारा शोधा, वेळ चुकली तर पुन्हा घ्या. आणि तिथून आल्यावर त्या माणसासमोर आपली घोंगडी अंथरून गप्प बसा. अवधान नेहमी मागायचे नसते. कधी ते द्यायचे असते.

त्या खांबाशी एक गृहस्थ बसले आहेत. कीर्तनात तीनदा उठून बाहेर गेले, स्कूटरला कुलूप लावले का ते पाहायला. तीनदा परत आले. कुणी वळून पाहू नका. त्यांच्या शेजारी जैनबबी आहेत.

देवा, यांच्या हातांना जागा सापडत राहो. ज्यांना अजून आपल्या गोष्टीचे नाव सापडले नाही, त्यांना ते सापडो. आणि त्यांच्याजवळ बसणाऱ्यांना, गाठ सैल पण नीट बांधता येवो.