शेंडी कोणाला होती

खुंटीवरची ती पगडी मी घालत का नाही, असं विचारता ना? चहा घ्या, सांगतो.

ठाण्याच्या कचेरीत लागलो त्या वर्षी मी शेंडी कापली. माणूस डोक्याच्या आतून ओळखावा, असं माझं मत. पण कल्याणला मुलगी पाहायला जायचं ठरलं, तेव्हा आत्या म्हणाली, "मत घरी ठेवून जा." तिने माझीच कापलेली शेंडी पगडीला आतून टाचून दिली. मागे चार केस दिसले की झालं.

ओटीवर मुलीच्या आजोबांसमोर बसलो होतो. माजघरात बांगड्या वाजल्या आणि माझं भानच गेलं. मी आणि ती मासुंदा तलावाच्या काठाने शेजारी शेजारी चाललो आहोत, तिच्या हातात पुस्तक आहे, सगळं ठाणं आमच्याकडे बघतंय आणि आम्हाला त्याचं काहीच नाही.

"पानं वाढली आहेत. पगडी काढा," आजोबा म्हणाले.

"हो," असं म्हणून मी तलावाकाठूनच पगडी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग पगडी उलटी करून आत पाहिलं. आत्याचे टाके पक्के होते.

"राव," ते शांतपणे म्हणाले, "शेंडी हिला आहे. मुलगी हिलाच देऊ."

तर मी आणि ही पगडी, आमच्या दोघांत लग्न ठरलं ते हिचंच. म्हणून संध्याकाळी मी तलावावर बोडकाच जातो, आणि ही घरी बसून त्या मुलीची स्वप्नं बघते.