वैशालीच्या घरचा भात

खंडाळ्याच्या हॉटेलात कामाला असलेल्या आम्ही बायकांनी ठरवलं, महिनाभर भात, चपाती, साखर, पाकिटातलं काही खायचं नाही आणि रोज ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मी टाकायचे उकडलेली अंडी आणि काकडी. भाजे गावची वैशाली टाकायची चुलीवरचं गावठी चिकन. तिच्या फोटोखाली लाल बदामांची रांग, माझ्या फोटोखाली एक अंगठा.

त्यात नवरा म्हणाला, "वैशालीला विचार की, कसं करते ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टीच्या दिवशी न कळवता तिचं घर गाठलं, तर बाईसाहेब मजेत भात कालवत बसलेल्या.

"सापडलीस," मी म्हटलं. तिनं हसून मला पाट सरकवला.

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "चिकन आमी खातो, ही फकस्त फोटू काढती. बस तू. नव्या इंद्रायणीचा भात हाय, उपाशी न्हाई जायचं."

म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? दोनदा घेतला.

हात धुतले आणि वैशालीचं बिंग फोडायला मोबाईल उघडला. ग्रुपवर तिनं आधीच फोटो टाकला होता. माझा, भाताचा घास तोंडात असलेला.

फोटोत मी, आणि बदाम पुन्हा वैशालीलाच.