मानसिंगकाकांचं नाक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक आदरणीय दिलीपसाहेब, व्यासपीठावर बसलेले सत्कारमूर्ती मानसिंगकाका, उज्वलाकाकू, आणि नावड्याच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या पेस्ट कंट्रोलवाल्या बंधू-भगिनींनो,

मी संघमित्रा. काकांच्या हाताखाली तयार झाले, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागणार नाही, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

काकांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या घरात शिरलं की पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. आधी नुसता वास घ्यायचा, औषधाचा पंप नंतर. तळोज्याच्या त्या गेस्ट हाऊसमध्ये गाद्या बदलल्या, पलंग बदलले, तरी पाहुणे ढेकणांनी हैराण. काकांनी वास घेतला आणि थेट भिंतीवरची मालकांच्या वडिलांची तसबीर उतरवली. मागे ढेकणांचा भरला संसार! रागवावं की हात जोडावेत, मॅनेजरला कळेना.

असं नाक जावं? गेल्या वर्षी वाशीला मसाल्याच्या गोदामात एका पोत्यामागे उंदीर मेला होता. आम्ही सगळे तोंडाला रुमाल लावून उभे, आणि काका त्याच पोत्याला टेकून विचारतायत, वास कुठून येतोय. स्वभाव थट्टेखोर, म्हणून आम्ही हसलो. काका हळूच म्हणाले, "हसू नगा रं. मला खरंच येत न्हाय."

डॉक्टर झाले, नाकात थेंब झाले, फरक पडला नाही. मग आमची जोडी जमली. वास मी घ्यायचा. गोडसर आहे की उग्र, ओल्या लाकडासारखा की कुबट, ते काकांनी विचारायचं. मी सांगायची आणि ते बरोबर जागा दाखवायचे. साहेबांना हे माहीत होतं, त्यांनी चालू दिलं, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. वाटलं, असंच निभावेल.

पण गेल्या महिन्यात काकांच्या स्वयंपाकघरात गॅस गळत होता आणि काका तिथंच पेपर वाचत बसले होते. काकू बाजारातून आल्या म्हणून थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवशी काकांनी राजीनामा दिला. म्हणाले, "माझंच घर मला राखता येईना, तर लोकांच्या घरात कुठल्या तोंडानं जाऊ?"

मघाशी काकूंनी एक गोष्ट सांगितली. सांगू ना, काकू? लग्न झाल्यापासून त्यांनी गजरा माळला नाही. काकांचं नाक दुसऱ्या वासात गुंतू नये म्हणून देवापुढे अगरबत्तीसुद्धा लावली नाही. आज काकांनी स्वतः मोगऱ्याचा गजरा आणला आणि काकूंनी तो माळला. इथं दारात काकांनी मला बाजूला घेतलं आणि कामावर विचारायचे तसंच विचारलं, "कसा येतोय गं वास?"

त्यांना आजवर किती घाणेरडे वास मी नेमके सांगितले. हा सांगता आला नाही. मला रडूच फुटलं.

काका, काकू, गावी सुखानं राहा. साहेबांनी बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, तर तुमचीच पोर समजून पोटात घाला.