विश्वेशची सही

नाही, तो कागद माझ्यासमोर धरू नका, आभाताई, चष्मा नाही आत्ता डोळ्यावर — आणि असता तरी काय, त्यावर काय आहे ते ठाऊक आहे मला. निष्ठापत्र. राज्याशी एकनिष्ठ राहीन, त्याविरुद्ध बोलणार नाही, लिहिणार नाही — आणि खाली विश्वेशची सही. बसा हो, उभ्या का? तुमच्या संस्थेनं सगळ्या प्राध्यापकांकडून ते मागितलं, तुम्ही सहा जणांनी दिलं नाही, तुम्हाला घरी बसवलं. आता केस उभी आहे आणि त्यांचा वकील म्हणतोय, ह्यांच्यातलाच सातवा होता, त्यानं दिलं की राजीखुशीनं, मग सक्ती कसली? हेच ना? आणि सातवा काही सांगायला येणार नाही, फाल्गुनात वर्ष झालं त्याला जाऊन. म्हणून बापाकडं आलात — काका, ही सही त्याची नाही असं लिहून द्या. तो सह्या इंग्रजीत करायचा, ही मराठीत आहे, म्हणून शंका आली. हुशार आहात. तो होता तेव्हा अकरा महिने त्याच्याशी बोलत नव्हतात, तेव्हा नाही आली शंका, एवढंच. राहू द्या. चहा घ्या, आमच्या हिनं, सुधानं, आलं घातलंय.

ते लोखंडी कपाट बघताय? वह्या आहेत त्यात. आम्ही रामकुंडावरचे उपाध्ये. लोक येतात, अस्थी सोडतात, आणि मग वहीत लिहितात — अमुक गावचा अमुक, बाप, आजा, मुलं, सगळ्यांची नावं — आणि शेवटी एक ओळ, आमच्या वंशातला जो कोणी नाशिकला येईल त्यानं ह्यांनाच मानावं, दुसऱ्याकडं जाऊ नये. सिन्नरकडचा एक चिमाजी आहे त्यात, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. लिहिता येत नव्हतं बिचाऱ्याला. माझ्या पणजोबांनी लिहिलं, त्यानं नुसता लेखणीला हात लावला. मागच्या महिन्यात त्याचा खापरपणतू आला — गोरक्ष, मोठी गाडी, पांढरे बूट — घाटावर चौघं उपाध्ये त्याला आपापल्याकडं ओढत होते. मी वही उघडली. वाचलं त्यानं, बूट काढले आणि मुकाट्यानं माझ्यासमोर पाटावर बसला. त्याला विचारलं होतं कुणी? बापानं लिहून दिलं, पोरं बांधली गेली. आमच्यात असंच असतं. ह्यावरच घर चाललं, विश्वेशची पीएचडी ह्यावरच झाली. आता कळलं मी काय सांगतोय ते? — नसेल तर थांबा, सांगतो.

तो कागद घरी आला तेव्हा महिनाभर वाद घातला आम्ही. मी म्हणायचो, अरे, यजमान माझ्यामागून संकल्प म्हणतो, त्यातलं अक्षरही कळत नाही त्याला, देव तक्रार करतो का? कर सही, मनात काय ते मनात. शाळेत रोज हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणत होतास, तेव्हा नाही बोचलं? तो शांत असायचा, तुम्हाला माहीतच आहे कसा होता. म्हणाला, बाबा, प्रतिज्ञेखाली 'अन्यथा' लिहिलेलं नसतं. मी कर भरतो, मत देतो, निवडणुकीच्या ड्युटीला दोन दिवस शाळेच्या फरशीवर झोपतो, एवढ्यावर माझा भरवसा नसेल तर सहीनं येणार आहे का? आणि ज्याला दगा द्यायचाय तो तर रांगेत पहिला उभा राहील सही करायला. — मी म्हटलं, मग तू शेवटचा उभा राहा, पण राहा. हसला. मला वाटलं विरघळला. कसला विरघळतोय? रात्री टेबलावर पत्र बघितलं त्याचं, सही देणार नाही म्हणून, तीन ओळींचं, तारीख घालून.

मग काय करणार मी? बेचाळीस वर्षांचा मुलगा, अशी नोकरी परत मिळते का कुठं? सकाळी तो अंघोळीला गेला आणि मी — हो. मीच. तिथं, त्या टीपॉयवर. जड गेलं नाही हो, जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं लिहीत आलोय. स्कूटरनं जाऊन तुमच्या ऑफिसात त्या हिरामण क्लार्कला देऊन आलो. दुपारी हा आपलं पत्र घेऊन गेला, तर हिरामण म्हणाला, सर, तुमचं सकाळीच आलं की, बाबा देऊन गेले.

घरी आला. हातपाय धुतले. म्हणाला, बाबा, विचारायचं तरी. — एवढंच. जेवायला बसला, भाजी पुन्हा मागून घेतली.

आणि कुणाला बोलला नाही. तुम्हालाही नाही, बायकोला, यशश्रीलाही नाही. कसं बोलणार? सही माझी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग कुणाची? बापाला खोटी सही करणारा ठरवायचं? तुम्ही सगळे त्याला घाबरट म्हणालात, स्टाफरूममध्ये उरलेल्यांतलं कुणी त्याच्या खुर्चीवर खडू ठेवून जायचं, त्याच्या वर्गातल्या मुलानं 'निष्ठावंत सर' म्हणून चिडवलं — हे मला तो गेल्यावर कळलं. तो डबा घेऊन जायचा, यायचा. मी दारात विचारायचो, ठीक ना? ठीक, म्हणायचा. डॉक्टर म्हणाले हृदय, मी म्हटलं असेल. दहाव्याला तुम्ही कुणी आला नाहीत, मी मोजत नव्हतो, पण घाट मोकळा असला की दिसतं.

रडू नका. माझ्यासमोर नको.

थांबा, चष्मा घेतो. आणा तो दुसरा कागद, प्रतिज्ञापत्राचा. 'मी शपथेवर सांगतो की' — अरे वा, मलाही शपथ आहे का. आणि हा दिला की काय होईल, ठाऊक आहे ना? माझं काय करायचं ते करू देत, एकाहत्तरचा आहे मी. पण यशश्रीला तो गेल्यावर संस्थेच्या लायब्ररीत घेतलंय ते एकनिष्ठ कर्मचाऱ्याची पत्नी म्हणून, ऑर्डरवर तसं छापलंय. हा कागद कोर्टात गेला की दुसऱ्या दिवशी ती घरी. पोरगी दहावीला आहे. आणि नाही दिला तर विश्वेश कायमचा त्या फायलीत एकनिष्ठ.

तिला विचारा म्हणता? साडेपाचला येईल ती. विचारलं तर काय म्हणेल, मला माहीत आहे. म्हणेल, द्या बाबा, लगेच द्या. वर पेनही आणून देईल. बायको कुणाची आहे? म्हणूनच नाही विचारायचं तिला. तिच्या वतीनं मी सांगतो तुम्हाला — नाही. माझ्या घरचं मी बघतो.

पाच वाजून गेले. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जा. आणि मागच्या गेटनं जा, पुढच्या गेटपाशी ती भेटेल.